साबणाच्या कंपनीवरचा ठराव

वरच्या खोलीला रंग मारलेला दिसला, तेव्हाच ज्योत्स्नाबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पिस्ता रंग. बाहेरच्या जिन्याला नवा कठडा, खिडकीला जाळीसुद्धा. दादाला घराचं काही करायचं सुचलं म्हणजे त्यामागे कुणाचं तरी भलं करायचा बेत असणार. आणि या घरात ज्याचं भलं व्हायचं असतं त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं, हे त्यांना बासष्टाव्या वर्षी कुणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती.

"कशाला रंगवली?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं.

"रिकामी पडून राह्यली होती," दादा, म्हणजे थोरले भाऊ सर्जेराव, म्हणाले. "म्हणलं, कुणी आलं-गेलं तर असावी."

कुणी आलं-गेलं! नवीन जालन्याहून बदनापूरला आलेला माणूस चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जातो. त्याला राहायला खोली लागत नाही, आणि खोलीच्या खिडकीला जाळी तर मुळीच लागत नाही. आत बुद्धवंदनेची तयारी झाली होती. धाकटा भाऊ वसंता वडीगोद्रीहून मोटारसायकल हाणत आला होता आणि ओल्या रुमालानं मानेवरची धूळ पुसत होता. हायवेच्या कडेचं पंप-मोटारीच्या दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून हा रविवारी आला, म्हणजे बैठक साधी नव्हती.

वडिलांच्या, आबांच्या काळापासून या घरात ठरावाशिवाय पान हलत नसे. छप्पन साली आबा दीक्षा घेऊन आले, ते येताना बैठकीची शिस्तही घेऊन आले. सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान. म्हैस घ्यायची की सायकल, यावर ठराव. थोरल्या पोराचं नाव काय ठेवायचं, यावर ठराव. ज्योत्स्नाबाईंना बी.एस्सी.साठी औरंगाबादला पाठवायचं का, यावरही ठराव झाला होता आणि तो तीन विरुद्ध दोन मतांनी पास झाला होता. तिसरा हात आईचा होता, पिठानं भरलेला. दादाचा हात तेव्हा मांडीवरच होता, ही गोष्ट ज्योत्स्नाबाई विसरल्या नव्हत्या, पण बोलूनही दाखवत नव्हत्या.

त्यामुळे ठरावाला नावं ठेवायची त्यांना सोय नव्हती. पण आबा गेले आणि ठराव दादाच्या हातात आला. दादा जन्मभर पंचायत समितीत नोकरी करून निवृत्त झालेला. त्यानं ठरावातला माणूस काढून टाकला आणि नुसती भाषा ठेवली.

वंदना झाली, सून सुमेधानं चहा दिला आणि आर्यननं लॅपटॉप टीव्हीला जोडला. आर्यन म्हणजे सर्जेरावांचा एकुलता एक, जालन्यात बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघणारा. वर्षभरापूर्वी त्यानं शेअरबाजाराच्या आलेखांचा ऑनलाइन क्लास लावला होता आणि तेव्हापासून त्याला जगात सगळीकडे रेघाच दिसत होत्या.

"विषय क्रमांक एक," सर्जेराव घसा खाकरून म्हणाले. "ज्योत्स्नाचे शेअर्स."

ज्योत्स्नाबाईंचा चहा हातातच राहिला. "माझे? माझे कशाला?"

"ऐकून तर घे. आर्यन, सांग."

टीव्हीवर हिरव्या-तांबड्या काड्यांची रांग उभी राहिली.

"आत्या, ही तुझी साबणाची कंपनी," आर्यन म्हणाला. "ही निळी रेघ बघ. मागच्या दोनशे दिवसांच्या भावाची सरासरी. भाव हिच्या वर हाये तोपर्यंत शेअरची तब्येत चांगली. खाली आला की समजायचं, दुखणं लागलं. आणि हे बघ, दणकन खाली आला."

"अन् हे खालच्या खिडकीतलं काय?" वसंतानं विचारलं.

"आरएसआय. शेअरचा दम मोजायचा आकडा, काका. सत्तरच्या वर म्हणजे लोक घेऊन घेऊन दमले. तीसच्या खाली म्हणजे विकून विकून. आता अठ्ठावीस हाये."

"दिवाळीत तू म्हणला होतास, तीसच्या खाली आला की घ्यायचं," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"ते वेगळं, आत्या. तेव्हा ट्रेंड वर होता."

"अन् आता?"

"आता खाली हाये."

"मंग हा आकडा बघायचा कशाला? ट्रेंडच बघ की."

वसंता खो खो हसला. सर्जेरावांनी "विषयाला धरून बोला" असं म्हणून त्याला गप्प केलं. आर्यननं तिसरी खिडकी उघडली. तिच्यात दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या आणि त्याचा अर्थ म्हणे फारच वाईट होता. तिन्ही खिडक्या एकच गोष्ट सांगून राह्यल्या, असं तो म्हणाला, आणि तीन साक्षीदार मिळालेल्या वकिलासारखा सगळ्यांकडे बघत बसला.

ज्योत्स्नाबाईंना रेघांचं वावडं नव्हतं. त्यांनी हयातभर विनाअनुदानित शाळेत गणित शिकवलं होतं. आलेखाच्या कागदावर शेकडो पोरांची बोटं धरली होती. पेन्शन नव्हती, म्हणून दरवर्षी दहावीच्या शिकवण्या संपल्या की त्या पैशातून थोडे थोडे शेअर घेत गेल्या. भडक काही नाही. साबण, वीज, असल्या कंपन्या. दरवर्षी न चुकता लाभांश देणाऱ्या, डोक्यावर कर्ज नसणाऱ्या, पेपरात नाव न येणाऱ्या. साबणाच्या कंपनीचे सगळ्यात जास्त. तिच्या लाभांशातून नवीन जालन्यातल्या दोन खोल्यांचं भाडं निघायचं आणि लाइटबिलही. दोनशे दिवसांची सरासरी त्यासुद्धा बघायच्या. पण भाव त्या रेघेच्या खाली आला की त्या घाबरत नसत, कंपनीचा कारभार एकदा नीट तपासत आणि मग चार शेअर घेत. कधी घ्यायचं ते रेघ सांगते, काय घ्यायचं ते सांगत नाही, एवढा त्यांचा हिशेब होता. हे त्यांनी आर्यनला पूर्वी सांगितलंही होतं. त्यानं ते मोठ्या प्रेमानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"ताईचं ताईला ठरवू द्या ना," वसंता म्हणाला. "आपण कामून मधी पडायचं?"

"काका, हा अजून निम्म्यावर येऊ शकतो."

"निम्म्यावर?" वसंताचा आवाज एकदम बदलला. "मंग ताई, विकून टाक. जल्दी विक. कशाला जीवाला घोर?"

एवढंच ते भावाचं पाठबळ. ज्योत्स्नाबाईंनी कपाळाला हात लावला.

"पुढचं मी सांगतो," सर्जेराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ झाला. दादाचा आवाज मऊ झाला की ज्योत्स्नाबाईंना धडकी भरायची. "हे बघ, ज्योत्स्ना. शेअर विकायचे. आर्यन सांगन तिथं पैसा लावायचा, जिथं वाढन तिथं. वाढायला वर्ष-दोन वर्षं लागतील, तवर लाभांश येणार न्हाई. बरं, न येऊ दे. तुला खर्चच काय? त्या दोन खोल्या सोडायच्या. इथं वर खोली तयार हाये. भाडं वाचतं, खानावळीसारखं एकटीचं रांधणं वाचतं. या वयात तू दुखण्यानं पडलीस, तर तिथं कोण हाये?"

"शेजारी रूपाली हाये."

"परकी ती."

"परकी हाये म्हणून तर विचारून आत येती, दादा."

ज्योत्स्नाबाईंना आता सगळं लख्ख दिसत होतं. पिस्ता रंग, जाळी, कठडा आणि या रेघा. या माणसांचं आपल्यावर प्रेम आहे, हेही दिसत होतं, आणि त्याचाच जास्त वैताग येत होता. वैरी असते तर दार लावून घेता आलं असतं. दोन खोल्या त्यांच्या होत्या. सकाळी पहिला चहा कधी करायचा, रेडिओ किती मोठा लावायचा, दुपारी कुणाशी बोलायचं की नाहीच बोलायचं, हे तिथं त्यांचं त्या ठरवत. शेअर गेले की लाभांश जाणार, लाभांश गेला की खोल्या जाणार, आणि मग उरलेलं आयुष्य पिस्ता रंगाच्या भिंतीकडे बघत कुणाच्या तरी उपकारात काढायचं.

इतका वेळ सुमेधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आर्यनची बायको, बदनापूरच्याच कृषी संशोधन केंद्रात नोकरीला. नवऱ्याच्या रेघांवर ती सहसा बोलत नसे. बोललं की रात्रीपर्यंत ऐकावं लागतं, हे तिला माहीत झालं होतं. पण ती टीव्हीजवळ आली आणि तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"इथं काय झालं?"

"कुठं?"

"ही खाच. सगळं आधी बराबर चाललेलं, नंतरही बराबर चाललेलं. मधीच एका दिवसात एवढं खाली. आमच्या प्लॉटावर एका रात्रीत एक ओळ आडवी झाली, तर आम्ही आधी गुरं शिरली का ते बघतो. लगेच वाणाला दोष देत न्हाई."

"ब्रेकडाउन म्हणतात त्याला," आर्यन चिडून म्हणाला.

"नाव न्हाई विचारलं. कारण विचारलं."

ज्योत्स्नाबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. रंग दिलेल्या खोलीच्या वैतागात त्यांनी आलेख नीट पाहिलाच नव्हता. आता पाहिला, आणि त्यांचा चहाचा कप ठक्कन खाली आला.

"आर्यन, तारीख किती ती?"

"कोणती?"

"खाच पडली ती. बोट ठेव तिच्यावर अन् वाच."

"अठरा तारीख."

"अन् किती पडला?"

"साठ-पासष्ट रुपये. दहा टक्के, आत्या. मी तेच तर सांगून राह्यलो."

"अरे माझ्या राजा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, आणि वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला बोलताना लागायचा तो सूर त्यांना लागला. "कंपनीनं जुन्या कारखान्याची जागा विकली. त्याचा पैसा आला, तो भागधारकांना वाटला. नेहमीचा लाभांश वेगळा, हा वेगळा. शेअरमागं पासष्ट रुपये, एकदाच. अठरा तारखेच्या आधी ज्याच्याकडं शेअर त्याला ते पैसे. अठराला जो घेईल त्याला न्हाई. मंग त्यानं जुन्या भावानं काहून घ्यावा? भाव तेवढा खाली येणारच. घागरीतून तांब्याभर पाणी काढून मला दिलं, म्हणून घागरीत तांब्याभर कमी झालं. तू घागर फुटली म्हणून बोंबलत सुटलास!"

"पण आरएसआय..."

"तो त्याच भावावरून काढतात ना? अन् ती तिसरी खिडकी? तीबी त्याच भावावरून? तीन साक्षीदार म्हणतोस, अन् तिघं एकाच्याच तोंडचं ऐकून आलेले. वाटलेले पासष्ट रुपये मागच्या भावांतून वजा कर अन् परत काढ तुझी रेघ. काढ, आत्ताच काढ."

आर्यननं कुठलीशी खूण बदलली. पडद्यावरचा आलेख थरथरला आणि पुन्हा उभा राहिला. खाच नाहीशी झाली होती. निळी रेघ जराशी खाली सरकली होती आणि भाव तिच्यावर शांतपणे बसला होता.

"म्हणजे काही झालंच न्हाई?" वसंता म्हणाला. "मी म्हणतच होतो, ताईचं ताईला ठरवू द्या!"

ज्योत्स्नाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्या आर्यनकडे पाहत होत्या. चूक दाखवली की हा पोरगा लहानपणापासून वाद घालायचा, हात हलवायचा, फाटे फोडायचा. आता तो बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"आर्यन," सुमेधा हळूच म्हणाली, "तू काही केलंस का?"

"म्हणलं, अजून पडायच्या आत..." तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला. "शुक्रवारी अर्धे विकले. आत्याचाच फायदा होईल म्हणून. बैठकीत सांगणारच होतो."

ज्योत्स्नाबाईंना शुक्रवार आठवला. भाजीवालीपुढे त्या उभ्या, एका हातात मेथीची जुडी, आणि आर्यनचा फोन. आत्या, तुझं खातं बघायचंय फक्त, फोनवर आलेला ओटीपीचा आकडा सांग. त्यांनी सांगितला. मग अजून एक आकडा आला, तोही सांगितला. बघायला दोन लागत असतील, असं वाटलं. भर बाजारात, मोठ्यानं, एकेक अंक सुटा करून, शुद्धलेखन घालावं तसे त्यांनी स्वतःचे शेअर विकायला वाचून दिले होते. त्यांना संताप आला, तो आधी स्वतःचा. मग डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही संताप आला.

"विचारलं का न्हाई मला?"

"तू न्हाई म्हणली असतीस."

"हो!" त्या ओरडल्या. "न्हाईच म्हणले असते!"

यानंतर जे झालं ते या घराच्या रीतीला धरूनच झालं. वसंता पुतण्यावर तुटून पडला. त्या विक्रीवर आता सरकारला कर भरावा लागणार, तो कोण भरणार, तुझा क्लासवाला भरणार का, असं त्यानं खडसावलं. आर्यन म्हणाला, काका, तुम्हीच म्हणालात जल्दी विक. वसंता म्हणाला, मी आज म्हणालो, तू शुक्रवारी विकलेस. सुमेधा नवऱ्याला म्हणाली, "तू आपले पैसे बुडवलेस तेव्हा मी बोलले न्हाई, इथं बोलीन." सर्जेरावांनी तिला गप्प बसायला सांगितलं. ती बसली नाही. आणि या गदारोळात ज्योत्स्नाबाईंच्या शेअरांवर सगळे बोलले, फक्त ज्योत्स्नाबाईंना कुणी काही विचारलं नाही.

शेवटी सर्जेरावांनी हात वर केला. त्यांचा चेहरा ओशाळला होता. वाईट वाटलं की ते नेहमी जे करायचे तेच त्यांनी केलं.

"ठराव मांडतो. ज्योत्स्नाचे उरलेले शेअर्स विकू नयेत. विकलेले आर्यननं परत घेऊन द्यावेत अन् कराची भरपाई त्यानंच करावी. अन् यापुढं तिच्या शेअर्सचा कोणताही व्यवहार वसंताच्या संमतीनंच व्हावा, म्हणजे पुन्हा असा घोळ व्हायचा न्हाई. सूचक मी."

"अनुमोदन," वसंता छाती पुढे काढून म्हणाला. पंप-मोटारीतल्या बेअरिंगपलीकडे त्यानं आयुष्यात कशाचा भाव पाहिला नव्हता.

"अनुकूल?"

सर्जेरावांचा हात वर. वसंताचा वर. आर्यननं सुटका झाल्यासारखा झटकन वर केला. सुमेधाचा हात अर्धा वर आला, मग तिनं ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं आणि तो पदराशी चाळा करत खाली गेला.

"प्रतिकूल?" सर्जेरावांनी रीत म्हणून विचारलं आणि लगेच तोंड उघडलं, "ठराव सर्वानुम..."

ज्योत्स्नाबाईंनी हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता.

"अगं, तुझ्याच बाजूचा ठराव हाये हा!"

"हो. माझ्या बाजूचा हाये, अन् मी विरोधात हाये. लिहून ठेव."

"ज्योत्स्ना, तू ऐकलंस ना नीट? शेअर विकायचे न्हाईत, असं म्हणतोय."

"ऐकलं. बिलकुल ऐकलं."

सर्जेरावांना काही उमगेना. त्यांनी थोडा वेळ बहिणीच्या वर धरलेल्या हाताकडे पाहिलं. मग हात मोजले, सुमेधाला तटस्थ धरलं आणि म्हणाले, "तीन विरुद्ध एक. ठराव बहुमतानं मंजूर."

"झालं एकदाचं," आर्यन म्हणाला. त्याची बोटं आता भराभर चालत होती, चूक निस्तरायची घाई त्याच्या मानेवर दिसत होती. "आत्या, मी आजच ऑर्डर लावून ठेवतो. उद्या बाजार उघडला की आहे त्या भावात परत मिळतील. लॉगिन केलंय. आकडा आला असेल बघ, सांग."

ज्योत्स्नाबाईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि सहाच्या सहा अंक मनातल्या मनात वाचले. मग फोन पालथा करून परत मांडीवर ठेवला.

"सांग ना, आत्या."

"किती वेळ चालतो हा आकडा?"

"पाचेक मिनिटं. मंग बाद होतो."

"बरं. मंग बसू."

"बसू म्हणजे?"

"बसू म्हणजे बसू. चहा घ्या. गार होऊन राह्यला."

"ताई, मी संमती दिलीये की," वसंता म्हणाला. त्या हसल्या नाहीत. सर्जेरावांनी ठराव मंजूर झाल्याची आठवण करून दिली, मग आबांची करून दिली, मग आवाज मऊ केला. त्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. आर्यननं दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला. तिघे पुरुष एका पालथ्या फोनकडे बघत बसले. सुमेधानं मात्र खुर्ची ओढली आणि आत्यांच्या शेजारी येऊन बसली.

टीव्हीच्या पडद्यावर एक तांबडी पाटी आली.

"गेला," आर्यन म्हणाला. "बाद झाला. आता परत मागवावा लागेल."

"आता विचार मला," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

"काय विचारू?"

"शुक्रवारी विचारायचं राहून गेल्तं ते."

त्यानं बापाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. दोघांनीही नजर चुकवली. मग लॅपटॉप मिटून तो आत्याकडे वळला, आणि लहानपणी गणित चुकलं की जसा यायचा तसा आवाज आला.

"आत्या, तुझे शेअर विकू का?"

"न्हाई," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.